तीन पाकळ्यांचा ठराव

४ मार्च

चि. चिमी,

आशीर्वाद घे आणि आधी दार लावून बस, कारण विषय गंभीर आहे. फोन मुद्दामच केला नाही. वजनमापं निरीक्षक म्हणून उभी हयात दुकानदारांच्या थापा ऐकण्यात गेली, तेव्हापासून तोंडी बोलण्यावर माझा काडीचा भरवसा नाही. जे काय ते लेखी.

धाकटा परवा घरी आला. तुमच्या इस्पितळात त्याच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलला ते उत्तम झालं. चेहऱ्यावर रंग परतलाय आणि कुरकुरही परतली आहे. माझा सख्खा भाऊ असला तरी खरं ते सांगतो, आजारी होता तेव्हा जास्त गोड होता. असो. त्याचं डिस्चार्ज कार्ड मी भिंग घेऊन वाचलं. तुला माहीतच आहे, घरात कुठलाही कागद आला की माझ्या हाताखालून जातो. दुसऱ्या पानावर काय लिहिलंय? "जन्मजात दोष."

जन्मजात! आमच्या घराण्यात! अगं, आमच्याकडे आजवर जन्मजात काही असेल तर ती हुशारी. आजोबा ऐंशीच्या पुढे गेल्यावरही भांडायला दोन गल्ल्या चालत जायचे. आणि आता हा कुणी पोरगेला डॉक्टर आमच्या रक्तावर शिक्का मारतो?

घरात काय चाललंय ते ऐक. धाकट्याची बायको ते कार्ड घेऊन घरभर नाचतेय. इतकी वर्षं आम्ही सगळे म्हणत होतो की हिच्या हातच्या तेला-मिठानेच त्याचं हृदय गेलं. आता ती म्हणते, "बघा! माझ्या स्वयंपाकाचा काही संबंध नाही. माल मुळातच असा आला होता." हे ती आईसमोर म्हणाली. आईने चौऱ्याऐंशीव्या वर्षी सुनेशी अबोला धरला आहे आणि माझ्याशी जास्तच बोलायला लागली आहे, त्यामुळे दोन्हीकडून नुकसान माझंच.

तू तिथे कोडिंगच्या खोलीत बसतेस. पेशंटांच्या रोगांना नंबर तुम्हीच लावता ना? मग हा नंबर बदलून टाक. "मागाहून झालेला दोष" असं कर. एक ओळ तर आहे.

तुझा,
दादा

ता.क. तुझी वहिनी विचारते, कंबर कशी आहे?

११ मार्च

ती. दादा,

नमस्कार, पण उभ्यानेच. कंबर वाकू देत नाही. वहिनींना सांग, ही कंबर जन्मजात ठणठणीत होती, या ऑफिसच्या खुर्चीने तिची वाट लावली. म्हणजे मागाहून झालेला दोष. बघ, तुझ्या आवडीचा.

आता ऐक. धाकट्याची फाइल मी पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही. नात्यातल्या माणसाची फाइल आली की ती उचलून समोरच्या टेबलावर द्यायची, असा आमच्या खोलीचा नियम. ती आमच्या चष्मेवालीकडे गेली, आणि चष्मेवाली ताकास तूर लागू देत नाही. चहा पितानासुद्धा पेशंटबद्दल बोलत नाही, नुसतं हवामान सांगते. तेव्हा मी जे बोलतेय ते तू पाठवलेल्या झेरॉक्सवरून. धाकट्याला विचारून पाठवलीस ना? का तिथेही छापा घातलास?

दादा, रोग आम्ही ठरवत नाही. डॉक्टर जे लिहितो त्याला आम्ही कोड देतो, बस. जन्मापासूनच्या दोषांचे कोड इंग्रजी 'क्यू' अक्षराने सुरू होतात, हृदयाच्या मागाहून झालेल्यांचे 'आय'ने. डॉक्टरने लिहिलंच नसेल तर मला समोर ढळढळीत दिसत असलं तरी कोड देता येत नाही. मग त्याला प्रश्न पाठवायचा. तो प्रश्नही असा हवा की उत्तर आपण त्याच्या तोंडात कोंबलं असं होता कामा नये. आणि तू मला म्हणतोस, एक ओळ बदल! तुझ्या काट्यावर कुणी हळूच अंगठा ठेवला असता तर तू काय केलं असतंस?

तुझ्या झेरॉक्समध्ये इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट आहे, त्यावरून साध्या भाषेत सांगते. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथल्या व्हॉल्व्हला तीन पाकळ्या असतात. धाकट्याला दोनच, त्याही पोटातून येतानाच. अशा दोन पाकळ्यांवर चुना, म्हणजे कॅल्शियम, लवकर साचतो आणि व्हॉल्व्ह नीट उघडेनासा होतो. म्हणजे पाकळ्या जन्मजात, चुना मागाहून. दोन्ही खरं, दोन्ही लिहायला हवं. यात काकूंची, म्हणजे तुझ्या आईची, चूक नाही आणि धाकट्या वहिनीच्या कढईचीही नाही. एवढंच घरात मोठ्याने वाचून दाखव आणि सगळ्यांना जेवायला बसव.

आणि ते भिंग बदल. त्याच कार्डाच्या तिसऱ्या पानावर "मासिक पाळी नियमित" असं लिहिलंय. आमचे ज्युनिअर डॉक्टर आधीच्या पेशंटचं कार्ड घेऊन त्याच्यावरच नवीन टाइप करतात, त्याचा हा प्रसाद. घराण्याची अब्रू तपासण्याच्या नादात तुझ्या भावाची पाळी सुरू झालेली तुझ्या नजरेतून निसटली. त्याला माझं अभिनंदन सांग.

हसून झालं असेल तर आता जरा गंभीर हो. हा "जन्मजात" शब्द तिथे असण्याला कारण आहे. दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह सख्ख्या भावंडांत आणि मुलांत निघू शकतो. तो शब्द वाचला की पुढचा डॉक्टर विचारतो, घरच्यांना तपासलंत का? धाकट्याचा एकुलता एक सख्खा भाऊ म्हणजे तू. छातीवर जेल लावून पडून राहायचं, दुखत नाही, खुपत नाही. दादा, इको काढून घे. माझ्यासाठी काढ.

तुझी,
चिमी

२० मार्च

चि. चिमी,

तुझं पत्र मोठ्याने वाचलं, मात्र शेवटचा परिच्छेद गाळून. घरात उगाच घबराट नको.

मला काहीही झालेलं नाही. रोज सकाळी फिरतो. जिन्यात मधल्या मजल्यावर थांबतो ते तिथल्या मास्तरांशी दोन शब्द बोलायला. मास्तर हल्ली दार उघडत नाहीत, तरी थांबतो. माणसाने संबंध ठेवावेत. आणि इको काढायला गेलो तर चार लोक विचारणार, का काढला? मग सांगा त्यांना, भावाला जन्मजात आहे. म्हणजे जे झाकायचं तेच वाजवत फिरायचं!

तुझ्या त्या पाकळ्यांच्या माहितीने घरात आगीत तेल पडलं. आई म्हणाली, "मी तीन पाकळ्यांचाच दिला होता. एक सूनबाईंनी कुठे हरवली ते त्यांनाच विचारा." धाकट्याची बायको म्हणाली, हरवायला ती काय छत्री आहे? मग मी टेबलावर हात आपटला आणि रविवारी रीतसर बैठक लावली. अध्यक्ष मी. ठराव मांडला, "आपल्या घराण्यात सर्वांना तीन पाकळ्या असून धाकट्याचा दोष हा वयोमानाने झालेला आहे." बहुमताने मंजूर. विरोधात एकटी धाकट्याची बायको. धाकटा तटस्थ राहिला, म्हणजे उशी डोक्यावर घेऊन म्हणाला, मला झोपू द्या रे.

ठरावावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. आईचा अंगठा नको म्हणून तिला दोन दिवस सहीचा सराव करायला लावला. अर्जासोबत हा ठराव तुमच्या इस्पितळाला देणार आहे. तू मदत करत नसशील तर निदान आडवी येऊ नकोस.

दादा

२८ मार्च

ती. दादा,

हात जोडले तुला! ठराव करून हृदयात पाकळी उगवते हे आमच्या सर्जनना माहीत नव्हतं, नाहीतर बिचारे छाती कशाला फाडत बसले असते? तिथेच ऑपरेशन टेबलाभोवती खुर्च्या मांडून मतदान घेतलं असतं.

खुशाल अर्ज कर. आमच्याकडे तुला तुझ्या तोडीची माणसं भेटतील. परवा एका मोठ्या सर्जनसाहेबांना आमच्या खोलीतून प्रश्न गेला. कुठल्या पेशंटबद्दल ते विचारू नकोस, मला माहीत नाही, आणि असलं तरी माहीत नाही. प्रश्न असा, "दोष जन्मजात आहे, मागाहून झालेला आहे, दोन्ही आहे की सांगता येत नाही?" साहेबांनी उत्तर लिहिलं, "होय." खाली झोकदार सही. पुन्हा पाठवला, तर उत्तर आलं, "वर पाहा." चष्मेवालीने वर पाहिलं. वर पंखा होता.

हे असं आहे बघ. ऑपरेशन करताना या माणसाचा हात केसभर हलत नाही. टाके असे घालतो की बघत राहावं. आणि चार शब्द लिहायचे म्हटले की अंगावर काटा येतो त्याच्या. तो लिहीत नाही, ज्युनिअर उतरवतो, आम्ही विचारतो, सुपरिंटेंडंट महिनाअखेरीला ओरडतो की फाइली तुंबल्या, निकाली काढा. या सगळ्यात तुझ्या ठरावाची भर पडली की सोन्याहून पिवळं.

पण दादा, जिन्यात थांबतोस? मास्तर दार उघडत नसतानाही? कधीपासून?

चिमी

१९ एप्रिल

चि. चिमी,

विजय! सविस्तर लिहितो, म्हणजे तुलाही शिकता येईल काम कसं करून घ्यायचं.

तुमच्या इस्पितळात मी स्वतः येऊन गेलो. तुला भेटलो नाही, कारण तुझ्यावर वशिल्याचा आळ यायला नको. तुमचा सुपरिंटेंडंट हॉस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या खोलीत होता हे मला दारावरची पाटी वाचूनच कळलं! त्या काळी त्याला परीक्षेत कॉपी पुरवणारा मीच. ओळख पटताच त्याने चहा मागवला. मी मुद्दा मांडला. लॅबच्या रिपोर्टात लिहिलंय की काढलेल्या व्हॉल्व्हवर चुना इतका, की पाकळ्या मोजता येत नाहीत. आता मोजता येत नाहीत म्हणजे दोन हे सिद्ध होत नाही! माझ्या नोकरीत याच मुद्द्यावर दुकानदार माझ्या हातून सुटायचे. आज पहिल्यांदा तो मुद्दा माझ्या उपयोगी आला.

त्याने ज्युनिअरला बोलावलं. पोरगा जरा घुटमळला, "सरांनी ऑपरेशनच्या नोटमध्ये..." असं काहीतरी पुटपुटला. सुपरिंटेंडंट म्हणाला, फाइल कधीची तुंबली आहे, कर मोकळी. दहा मिनिटांत नवं कार्ड हातात. "वयोमानानुसार झडप कडक होणे. कौटुंबिक इतिहास : काही नाही." काही नाही! किती सुंदर दोन शब्द! ती पाळीची ओळ मात्र तशीच राहिली आहे, पण मी म्हटलं, सगळंच एका दिवसात मागू नये.

कार्ड लॅमिनेट करून घेतलं. आई जेवली. धाकट्याच्या बायकोचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

येताना तुमच्या त्या चढाच्या रस्त्यावर जरा डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं. चष्म्याचा नंबर बदललाय, दुसरं काही नाही. एक रिक्षावाला पाणी घेऊन आला. चांगली माणसं आहेत तुमच्याकडे.

दादा

२४ एप्रिल

दादा,

आज नमस्कार नाही. मी संतापले आहे आणि ते तुला कळावं म्हणून लिहितेय.

खोटं माप सापडलं की तू दुकानदाराला भर बाजारात उभा करायचास. मला आठवतंय, लहानपणी तुझा केवढा अभिमान वाटायचा मला. आणि आता तू स्वतः एका मोठ्या इस्पितळाच्या कागदावर खोटं वजन ठेवून आलास, वर लॅमिनेट केलंस! चष्मेवालीचं तोंड आज उतरलेलं होतं. हवामानसुद्धा सांगितलं नाही तिने. टेबलावर पेन असं आपटलं की टोपण माझ्या चहात पडलं.

ते जाऊ दे. कागद गेला खड्ड्यात. तू लिहितोस, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. दादा, चष्म्याने छाती दाबली जात नाही! जिन्यात थांबणं, चढावर अंधारी, छातीत दाब, हे मी रोज वाचते. रोज. धाकट्याच्या ऑपरेशनच्या आधी त्याची बायको मला फोनवर हेच सांगत होती. मला भीती वाटतेय. स्पष्ट लिहिते, तुझ्या जिवाची भीती वाटतेय. तू माझ्यावर चिड, आयुष्यभर बोलू नकोस, वाट्टेल ते कर, पण उद्याच्या उद्या इको काढ. कुणी विचारलं तर सांग, चिमी वेडी झाली आहे, तिच्या समाधानासाठी काढला.

चिमी

३० एप्रिल

चि. चिमी यांसी,

तुझं पत्र मिळालं. पत्रातली भाषा वडीलधाऱ्यांशी बोलताना शोभणारी नाही. कागद वाचून वाचून तुला जिथे तिथे पेशंट दिसायला लागले आहेत. या विषयावरचा पत्रव्यवहार मी आजपासून बंद करत आहे.

कळावे म्हणून लिहितो, सतरा मे रोजी आमच्या निवृत्त कर्मचारी संघाचा मेळावा आहे. त्यात माझं भाषण ठेवलं आहे. विषय, "निरोगी हृदयाचं रहस्य." निमंत्रण सोबत जोडलं आहे. येणार असशील तर मागच्या रांगेत बस, हातवारे करू नकोस.

दादा

७ जून

चिमे,

अक्षर वाकडं आहे, समजून घे. पडून लिहितोय.

तुला तुझ्या वहिनीने फोनवर सगळं सांगितलंच आहे, पण तिला नेमकं सांगता येत नाही. मी भाषणात "मित्रहो, हृदय हे" इथपर्यंत आलो आणि पडलो. लोकांना वाटलं, अभिनय आहे. पहिल्यांदा टाळ्या पडल्या, मग बोंबाबोंब. इथल्याच इस्पितळात नेलं. दहा दिवसांनी ऑपरेशन झालं, व्हॉल्व्ह बदलला. सर्जनबाई म्हणाल्या, अजून थोडे दिवस काढले असतेत तर आम्हाला काम उरलं नसतं. छातीवर शिवण आहे. खोकला आला की उशी कवटाळून खोकायचं, नाहीतर देव आठवतो.

मी बाईंना विचारलं, पाकळ्या किती होत्या? म्हणाल्या, दोन. जन्मापासूनच्या. मी पहिल्यापासून म्हणत होतोच की आमच्याकडे हे जन्मजात आहे. तूच आठवून बघ. आमचं खानदानी दुखणं आहे, कुणा ऐऱ्यागैऱ्याला होत नाही. बाजूच्या खाटेवरच्या माणसाचा व्हॉल्व्ह नुसता म्हातारपणाने गेलाय, त्याला मी सगळं समजावून सांगितलं.

पण परवा डिस्चार्ज कार्ड हातात आलं, चिमे, आणि मी ते भिंग घेऊन तीनदा वाचलं. त्यावर काय आहे? "वयोमानानुसार झडप कडक होणे. कौटुंबिक इतिहास : काही नाही." मला भरती केलं तेव्हा तुझ्या वहिनीने घाईत धाकट्याचं ते लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं होतं, घरात आजाराचा तेवढाच कागद वरती होता म्हणून. इथल्या ज्युनिअरने ते समोर ठेवून माझं उतरवून काढलं. मी म्हटलं, अरे, बाईंनी दोन पाकळ्या पाहिल्यात! तो म्हणाला, "काका, तुमच्या भावाचं तर वयामुळेच झालंय. खाली मोठ्या साहेबांचा शिक्का आहे." माझ्याच कागदाने माझं तोंड बंद केलं.

आणि आता जे लिहितो ते नीट वाच. लेकीला मी म्हटलं, तुझा इको काढून घे. ती फॅमिली डॉक्टरकडे गेली. तो कार्ड वाचून म्हणाला, वडिलांचा वयाचा आजार आहे, कुटुंबात काही नाही, तू तरुण आहेस, पोहायला शिकवतेस, तुला काय धाड भरली आहे? आणि तिला परत पाठवलं. ती हसत हसत घरी आली. रोज सकाळी ती तीस पोरांना घेऊन खोल पाण्यात उतरते, चिमे. मी इथे पडून तेवढंच बघतोय डोळ्यांपुढे.

काहीतरी कर. कोड बदल. काय वाट्टेल ते कर.

दादा

१० जून

माझ्या दादा,

वाचलास! आधी ते लिहिते. वहिनींचा फोन आला त्या दिवसापासून मी रोज टपालाची वाट बघत होते. तुझं अक्षर पाहून इथे टेबलावरच हुंदका फुटला आणि चष्मेवालीने स्वतःचा रुमाल दिला. तुझं वाकडं अक्षरसुद्धा शिष्टच आहे, ते पाहून जिवात जीव आला.

आता तू पहिल्यापासून म्हणत होतास त्याबद्दल. हो रे बाबा, तूच म्हणत होतास. बाजूच्या खाटेवरच्या माणसाला मात्र सोड, त्याला म्हातारपणाचा तरी आनंद घेऊ दे. अंगात त्राण आलं की पुन्हा एक बैठक लाव आणि उरलेल्या मंडळींच्या पाकळ्या ठरावाने कमी करून टाक.

कोड मी बदलू शकत नाही. तेव्हाही शकत नव्हते, आताही नाही. तू मात्र करू शकतोस, कारण या वेळी फाइल तुझी आहे. सर्जनबाईंना लेखी विनंती दे, की ऑपरेशनच्या नोटमध्ये काय लिहिलंय आणि कार्डावर काय आलंय ते त्यांनी स्वतः ताडून पाहावं आणि दुरुस्ती सहीनिशी करावी. "जन्मजात लिहा" असं सांगू नकोस. "तुम्हाला काय दिसलं?" एवढंच विचार. बाई लिहिणाऱ्यातल्या दिसतात. नोटची प्रत मागून घे.

धाकट्याचं कार्ड धाकटाच सोडवतोय. काल तो आमच्या इस्पितळात आला होता. त्याने सांगितलं म्हणून मला माहीत आणि त्याच्याच परवानगीने लिहितेय. सुपरिंटेंडंटच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "हृदय माझं, छाती माझी फाडली, आणि ठराव माझा भाऊ करतो?" सरळ सर्जनसाहेबांना जाऊन भेटला. साहेबांनी या वेळी "दोन्ही" वर खूण केली आणि सही केली. जाताना त्याने पाळीची ओळही काढून घेतली. धाकटी वहिनी सोबत होती, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही तिने. मला वाटतं, तुला बरं वाटायची वाट बघतेय, मग बोलेल.

पण हे सगळं कागदांचं झालं. कागदाची वाट बघू नकोस. लेकीला त्या फॅमिली डॉक्टरकडे पुन्हा पाठवू नकोस. ती नोटची प्रत घेऊन तिला थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे ने, आणि तोवर पाण्यात उतरू नको म्हणावं. रडली, भांडली, तरी नको म्हणावं. सोबत तू जा. वहिनी जातील, काकूही निघतील, पण तिथे बोलायला तूच हवास.

चिमी

२२ जून

चिमे,

काल इको झाला. सगळे गेलो होतो, आईसुद्धा. खोलीत अंधार असतो, तुला माहीत असेल. मला आत उभं राहू दिलं. पडद्यावर लेकीचं हृदय हलत होतं. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. दोनच, चिमे. माशाच्या तोंडासारखं उघडत होतं, मिटत होतं.

चुना अजिबात नाही. वाट चांगली मोकळी आहे. वर्षातून एकदा येऊन दाखवायचं, मधे काही वाटलं तर लगेच यायचं. आठवडाभरात एक तपासणी करतील, ती ठीक आली तर पाण्यात उतरायलाही हरकत नाही म्हणाले. वेळेवर आलात, असंही म्हणाले. मी तिथेच भिंतीला टेकून रडलो. शिवण दुखत होती म्हणून नाही.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी टायपिंग सुरू केलं आणि विचारलं, कुटुंबात कुणाला? तुझी वहिनी सवयीने म्हणाली, "काही ना..." आणि थांबली. आई पुढे होऊन म्हणाली, "माझं नाव लिहा. माझ्याकडूनच आलं असेल. मी आता चौऱ्याऐंशीची, मला कोण काय म्हणणार?" मी म्हटलं, नाही आई. डॉक्टर, लिहा, वडिलांना. जन्मापासून. काकांनाही. डॉक्टर माझं कार्ड वाचत होते. सर्जनबाई गावाला गेल्या आहेत, दुरुस्ती अजून झालेली नाही. म्हणाले, पण यात तर कौटुंबिक इतिहास काही नाही असं आहे. मी ऑपरेशनची नोट पुढे सरकवली आणि म्हटलं, ही खरी. ते कार्ड खोटं आहे. भावाचं कार्ड मी बदलून घेतलं होतं, त्यावरून हे झालं. त्यांनी वर पाहिलं आणि लिहिलं.

हे सगळं बोलताना लेक माझ्या मागेच उभी होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. अंगावरचं जेल पुसून, केस बांधून आली होती. म्हणाली, "बाबा, काकांचं दुखणं आपल्यातही निघू शकतं, हे मार्चपासून माहीत होतं तुम्हाला?"

मी मान हलवली.

"मग मला का नाही सांगितलंत?"

चिमे, ती अजून माझ्याशी बोललेली नाही. जेवण आणून देते, गोळ्या वेळेवर देते, आणि जाते. तुझ्याशी बोलते का ते मला कळव.

दादा